जपानची शिदा गावोगावी पोचली, अमरावतीची मधुरा काहून नाही?

राजेहो, आपल्या भागातल्या पोरांच्या मोबाईलवर सध्या एक जपानी बॅडमिंटनपटू फिरते आहे. पानठेल्यावर पाहा, एसटी स्टँडवर पाहा, जिनिंगमध्ये कापसाची गाडी खाली व्हायची वाट पाहत बसलेल्यांच्या हातात पाहा. तिचा चेहरा सगळ्यांना माहीत. हसते कशी, केस बांधते कशी, घाम पुसते कशी, तेही माहीत. नाव विचारलं तर एखादाच सांगतो. एकेरी खेळते का दुहेरी, असं विचारलं तर तो एखादाही गप्प बसतो.

नाव चिहारु शिदा. जन्म १९९७ चा, जपानच्या उत्तरेकडच्या अकिता प्रांतातल्या हाचिरोगाता या लहान गावचा. अकिता म्हणजे तिकडचा धानाचा मुलूख, आपल्याकडे भंडारा-गोंदिया आहे तसा. शिदा दुहेरी खेळते. नामी मात्सुयामा या जोडीदारणीसोबत तिनं २०२२ आणि २०२५ अशी दोनदा ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. ही स्पर्धा किती मोठी, तर आपल्या प्रकाश पदुकोणनं १९८० मध्ये आणि गोपीचंदनं २००१ मध्ये ती जिंकली तेव्हा अख्ख्या देशानं त्यांना डोक्यावर घेतलं होतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच जपानी जोडीनं मलेशियाच्या जोडीला हरवून कांस्यपदक घेतलं.

हे मी मुद्दाम आधी लिहिलं. कारण मोबाईलवर येते ती शिदा वेगळी आहे. त्या शिदाला पदक नाही, जोडीदार नाही, स्कोअर नाही. तिला फक्त चेहरा आहे आणि मागं एक गाणं आहे.

महिला दुहेरीचा सामना ज्यानं एकदा पूर्ण पाहिला त्याला ठाऊक आहे, बॅडमिंटनमधला हा सगळ्यात दमवणारा प्रकार आहे. एकेका गुणासाठी फूल जाळीवरून कितीतरी वेळा इकडून तिकडं जातं. खाली पडलेलं फूल उचलायला वाकायचं, लगेच मागं धावायचं, पुन्हा उडी. आता रील पाहा. रील दहा-पंधरा सेकंदांची. एवढ्यात एक रॅलीही बसत नाही. मग रील बनवणारा काय घेतो? गुण संपला, शिदा टॉवेलकडं गेली, पाणी प्यायली, जोडीदारणीकडं पाहून हसली, तेवढं घेतो, हळू करतो आणि टाकतो. म्हणजे रीलमध्ये खेळ नसतोच, दोन गुणांमधली विश्रांती असते. तासाभराच्या सामन्यातला सगळा घाम कापून टाकायचा आणि टॉवेल तेवढा ठेवायचा, असा हा प्रकार.

<b>ती तुमच्याकडं आली कशी</b>

लोक म्हणतात, "मी तर काही शोधलं नाही भाऊ, आपोआप आलं." आपोआप काही येत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि नेट स्वस्त झालं. त्याआधी आपण एक फोटो उघडायलाही पैसे मोजत होतो. मग टिकटॉक गावागावात घुसलं. जून २०२० मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केल्या. टिकटॉकवर बसलेली सगळी गर्दी तिकडं गेली.

या रील्सचं गणित साधं आहे. तुम्ही लाईक केलं का, कमेंट टाकली का, एवढंच ते पाहत नाहीत. तुमचा अंगठा किती वेळ थांबला, हेही पाहतात. तुम्ही नुसतं "हे कोण बाप्पा?" म्हणून सहा सेकंद थांबले, तरी नोंद झाली. पुढच्या वेळी तशीच दुसरी, मग तिसरी. शेजारच्यानंही थांबून पाहिलं की मग ती गल्लीत फिरते. ज्याच्यावर लोक थांबतात ते पुढं ढकलायचं, एवढंच त्या मशिनीला समजतं. माणूस कौतुकानं थांबला का वाईट नजरेनं, का नुसता कंटाळा आला म्हणून, यातला फरक तिला कळत नाही. आणि बाईच्या चेहऱ्यावर बाप्ये थांबतात, हे सांगायला कोणी शास्त्रज्ञ लागत नाही.

अशी पानं चालवणाऱ्याचा त्यात फायदा काय, असाही प्रश्न येतो. त्याला बॅडमिंटनशी देणंघेणं नसतं. फॉलोअर वाढवायचे, मग त्यावर जाहिरात घ्यायची, नाहीतर अख्खं पान विकून टाकायचं. कालपर्यंत खेळाडू बायांचे व्हिडिओ टाकणाऱ्या पानावर एक दिवस अचानक "आजची पक्की टीम" आणि टेलिग्रामची लिंक येते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ आणि त्यांच्या जाहिराती बंद केल्या, तरी अशा लिंका अजून दिसतात. आपल्या गावात सट्ट्यात कोणाचं काय गेलं ते मी इथं लिहीत नाही, तुम्हालाच माहीत आहे. सांगायचं एवढंच, की त्या लिंकेपर्यंत नेणारा रस्ता कधी कधी अशा हसऱ्या चेहऱ्यावरून जातो, आणि त्या बिचारीला त्याचा पत्ताही नसतो.

शिदाला या लोकप्रियतेचं काय मिळालं? चीन आणि इंडोनेशियात तिचे चाहते भरपूर. स्टेडियममध्ये तिच्या नावाचे फलक लागतात. ते बरंच आहे. पण २०२५ मध्ये तिला इन्स्टाग्रामवर एक विनंती लिहावी लागली. चीनमध्ये स्पर्धेला गेलं की माझा पाठलाग होतो, मला भीती वाटते, कृपा करून हे थांबवा, अशा अर्थाची. ऑलिम्पिकचं पदक गळ्यात असलेली बाई, सोबत संघ आहे, प्रशिक्षक आहे, तरी तिला हे लिहावं लागलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं गावात येताना कामी पडेल.

<b>नागपूरची पोरगी आधीच बोलली होती</b>

हे झालं जपान-चीनचं. आपल्या विदर्भातल्या एका पोरीनं हेच दुखणं शिदाच्या वर्षभर आधी मांडलं होतं. दिव्या देशमुख, नागपूरची, बुद्धिबळवाली. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँडमधल्या वाईक आन झी गावची टाटा स्टील स्पर्धा खेळून झाल्यावर तिनं इन्स्टाग्रामवर लिहिलं. तेव्हा ती १८ वर्षांची होती. तिचं म्हणणं असं होतं, की मी चांगल्या चाली खेळले, त्याचा मला अभिमान वाटला, पण पाहणाऱ्यांचं लक्ष चालींवर नव्हतंच. केस, कपडे, बोलायची ढब, असल्या सगळ्या बिनकामाच्या गोष्टींवर होतं. पुरुष खेळाडूंबद्दल लोक खेळाचं बोलतात, बायांबद्दल खेळ सोडून बाकी सगळं बोलतात, हेही तिनं स्पष्ट लिहिलं.

बुद्धिबळासारख्या खेळात हे व्हावं! तिथं तर माणूस चार-चार तास खुर्चीवर बसून असतो. पाहायचंच काही असेल तर पट पाहायचा.

पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २८ जुलै २०२५ ला जॉर्जिया देशातल्या बाटुमी शहरात दिव्यानं महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवलं. मोठे दोन डाव बरोबरीत सुटले होते, निकाल जलद डावांत लागला. एका दिवसात ती विश्वचषकाची मालकीण झाली आणि भारताची ८८ वी ग्रँडमास्टरही. आईच्या गळ्यात पडून रडली तो व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर आला. नागपुरात सत्कार झाला, राज्य सरकारनं ३ कोटी रुपये दिले. त्या व्हिडिओतही चेहराच होता, पण तो जिंकलेल्या माणसाचा होता. लोक तिथं थांबले ते तिनं काय केलं हे कळल्यामुळं. मोबाईल वाईट आणि लोकप्रियता वाईट, असं मी म्हणत नाही, ते यासाठी.

उलट बाजू पाहायची तर आपल्याच अमरावतीचा जितेश शर्मा घ्या. २७ मे २०२५ ला लखनऊत त्यानं बंगळुरूसाठी ३३ चेंडूंत नाबाद ८५ मारले. २२८ धावांचा पाठलाग होता, कप्तानीही त्या दिवशी त्याच्याकडं होती. त्या रात्री अमरावतीत कोणी झोपलं नसेल. आता त्या रात्रीच्या रील्स आठवा. सगळ्यांत काय होतं? षटकार. जितेश पाणी पितानाची, केस नीट करतानाची रील कोणाला आली काय? आली असली तरी चालली नाही. बाप्या खेळला की त्याचा फटका फिरतो, बाई खेळली की बाई फिरते.

हे काही रील्समुळंच झालं असंही नाही. २०१६ मध्ये पी. व्ही. सिंधूनं रिओ ऑलिम्पिकला रौप्यपदक घेतलं, तेव्हा देशातले लोक गुगलवर तिची जात शोधत होते. रील्स तेव्हा नव्हत्या. सांगलीच्या स्मृती मानधनानं २०२५ च्या विश्वचषकात ४३४ धावा केल्या, भारतानं नवी मुंबईत कप उचलला, आणि महिनाही झाला नाही तर लोकांना तिच्या धावांपेक्षा तिच्या लग्नाची जास्त पडली. शेवटी ७ डिसेंबरला तिला स्वतः लिहून सांगावं लागलं, की लग्न होणार नाही, आता आम्हाला आमच्यापुरतं राहू द्या. तिच्या लग्नाचं काय झालं याच्याशी तुमचं-माझं काय काम होतं? पण बातम्यांची पोर्टलं त्यावर आठवडाभर जेवली. आम्ही बातमीवालेही त्याच बाजारात दुकान लावून बसलो आहोत, हे नाकारून चालत नाही. बाईचा फोटो लावला की बातमी उघडली जाते आणि संत्र्याच्या गळतीची बातमी तशीच पडून राहते, हा रोजचा अनुभव आहे.

<b>आठ सेंटीमीटरचं वर्तुळ</b>

आता मथळ्यातल्या मधुराकडं येतो. मधुरा धामणगावकर, अमरावतीची तिरंदाज. मे २०२५ मध्ये चीनच्या शांघायमध्ये तिरंदाजीच्या विश्वचषकाचा टप्पा झाला. त्यात तिनं कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक घेतलं. सोबत महिला संघाचं रौप्य आणि अभिषेक वर्माबरोबर मिश्र जोडीचं कांस्य. एका स्पर्धेत तीन पदकं, तीही तीन वर्षं भारतीय संघाबाहेर राहून परत आलेल्या खेळाडूची.

त्या अंतिम सामन्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण ते पाहण्यासारखं आहे आणि फारसं कोणी पाहिलं नाही. कंपाउंड म्हणजे चाकं लावलेला धनुष्य. निशाण ५० मीटरवर. मधलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटीमीटरचं, म्हणजे आपल्या चहाच्या बशीपेक्षाही लहान. तीन-तीन बाणांच्या पाच फेऱ्या, एकूण १५ बाण, जास्तीत जास्त १५० गुण. समोर अमेरिकेची कार्सन क्राहे. तीन फेऱ्या झाल्या तेव्हा मधुरा ८१-८५ अशी मागं होती. तिरंदाजीत या पातळीवर चार गुण मागं पडणं म्हणजे जवळपास गेलाच सामना. चौथ्या फेरीत तिनं तीन बाणांत २९ मारले आणि ११०-११० अशी बरोबरी झाली. शेवटच्या फेरीत पुन्हा २९. निकाल १३९-१३८. एका गुणानं सोनं!

१९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या गावात उभं आहे, ज्या मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकला देशी खेळ दाखवून आलं, त्या अमरावतीची ही पोरगी. बातम्या आल्या, अभिनंदनाचे फलक लागले, नाही असं नाही. पण त्या आठवड्यात आपल्या किती जणांच्या मोबाईलवर तो शेवटचा बाण फिरला? माझ्याकडं चार ग्रुपवर शिदा आली होती, मधुरा एका ग्रुपवर आली, तीही पेपरच्या कात्रणात.

आणि बॅडमिंटनच पाहायचं असेल तर तेही घरचंच आहे. नागपूरची मालविका बनसोड. डाव्या हातानं खेळते. १३ जानेवारी २०२२ ला दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये तिनं सायना नेहवालला २१-१७, २१-९ असं सरळ हरवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये चायना ओपनला पहिल्याच फेरीत पॅरिस ऑलिम्पिकची कांस्यपदक विजेती, इंडोनेशियाची ग्रेगोरिया तुनजुंग हिला घरी पाठवलं आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. तिथं तिला हरवलं ते एका जपानी खेळाडूनंच. नाव अकाने यामागुची. २०२५ च्या ऑल इंग्लंडलाही मालविकाचा रस्ता याच यामागुचीनं अडवला.

यामागुची कोण, हे आपल्या पोरांना विचारून पाहा. उंची १५६ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या शाळेतल्या नववी-दहावीच्या पोरीएवढी. २०२१, २०२२ आणि २०२५ अशी तीन वेळा जगज्जेती. उंच पोरींच्या मधोमध ही बुटकी पोरगी पायावर अशी नाचते, की फूल जमिनीला लागूच देत नाही. ज्याला जपानी बॅडमिंटनचा शौक आहे त्यानं हिचे सामने पाहावेत. जागतिक बॅडमिंटन संघटना आपल्या यूट्यूब चॅनलवर सामन्यांचे व्हिडिओ टाकते, फुकट. पण ते पाहायला दहा-वीस मिनिटं लागतात, दहा सेकंदांत भागत नाही.

<b>आता गावातलं</b>

कोणी म्हणेल, जपानी पोरीची रील पाहिली तर आपल्या गावाचं काय बिघडलं? बिघडतं, ते असं.

आपल्या पट्ट्यात पहाटे पाचला रोडवर निघा. अकोल्याकडं जा, दर्यापूरकडं जा, मूर्तिजापूर, अचलपूर, कुठंही. पोरी पळताना दिसतील. दोन-दोन, चार-चार, अंगात ट्रॅकसूट, कोणाच्या पायात नुसत्या चपला. पोलीस भरतीची तयारी. राज्य सरकारनं २०२५ मध्ये पोलिसांच्या सुमारे १५ हजार जागा भरायला मंजुरी दिली, तेव्हापासून तर जास्तच. पोरींच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात. ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. सोयाबीनचा भाव सगळ्यांना माहीत आहे, कापसाचा माहीत आहे. दोन-तीन एकरवाल्या घरात पोरीचे हे ५० गुण म्हणजे घरातला एकमेव पक्का पगार होऊ शकतो.

दुसरा रस्ता शाळेच्या स्पर्धांचा. तालुका, जिल्हा, मग आपल्या पाच जिल्ह्यांचा अमरावती विभाग, मग राज्य. वर गेलेल्या पोरीला दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, आणि निकषात बसलं तर सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणं, यात आपल्या पोरी कमी नाहीत. हे सगळं मैदानावर मिळतं, म्हणजे चार लोकांसमोर.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात पळणाऱ्या एका पोरीचा कोणीतरी मागून गाडीवरून व्हिडिओ काढला. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर पोरगी ओळखू येईल. व्हिडिओ हळू केला, खाली गाणं टाकलं, गावाच्याच नावानं चालणाऱ्या एका इन्स्टा पानावर टाकला. हुबेहूब तसाच, जसे शिदाचे असतात. पोरांनी शिकले कुठून, हे सांगायची गरज नाही. कमेंटमध्ये काय काय लिहिलं ते इथं छापण्यासारखं नाही.

तिच्या वडिलांना मी भेटलो. ते म्हणाले, "माह्या पोरीनं का चोरी केली का? पन लोकं मलेच व्हिडिओ दाखोतात. 'तुही पोरगी फेमस झाली' म्हनतात. आता मी का करू, सांगा." त्यांनी केलं ते बहुतेक बाप करतात. पोरीचं पळणं बंद केलं. मोबाईलही काढून घेतला. व्हिडिओ काढणाऱ्याचा मोबाईल मात्र कोणीच काढून घेतला नाही. पोलीस पाटलांनी बोलावून समज दिली, व्हिडिओ उडवला गेला, पण तोवर तो दुसऱ्या ग्रुपवर गेलेला होता.

शिदाला भीती वाटली तेव्हा तिनं लिहून सांगितलं आणि जगातल्या बातम्यांनी ते छापलं. तिचा संघ होता, तिच्या देशाची संघटना होती. आपल्या पोरीला कोण आहे? तिची लोकप्रियता एका रात्रीत झाली आणि त्यात तिला एक रुपया, एक पदक, एक प्रमाणपत्र मिळालं नाही. भरतीचं मैदान गेलं. पान चालवणाऱ्याचे फॉलोअर वाढले.

काही जण म्हणतात, पोरींनी रोडवर पळायचंच कशाला, घराच्या आवारात पळावं. ८०० मीटर आवारात कसे पळायचे, हे त्यांनी एकदा स्वतः पळून दाखवावं. काही म्हणतात, पोरीच्या हातात मोबाईल नकोच. तिचा मोबाईल इथं आला कुठून? गुन्हा दुसऱ्याच्या मोबाईलनं झाला.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण "काही होत नाही" असं म्हणून लोक ठाण्यात जातच नाहीत. नुसता रोडवरचा व्हिडिओ टाकला म्हणून दरवेळी गुन्हा बनेलच, असं नाही. पण पोरगी नको म्हणत असताना तिच्या मागं लागणं, वारंवार संपर्क करणं, तिच्या इंटरनेट वापरावर नजर ठेवणं, हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत. घाणेरडे शब्द किंवा हावभाव करून बाईचा अपमान केला तर कलम ७९ आहे. पोरगी १८ वर्षांखालची असली तर पोक्सो लागू शकतो आणि तो फार कडक आहे, हे गाड्यांवरून व्हिडिओ काढणाऱ्या पोट्ट्यांच्या बापांनीही ऐकून ठेवावं. तक्रार ठाण्यात देता येते, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बाया आणि मुलांसाठी वेगळा रकाना आहे, तातडीचं असेल तर ११२.

आणि एक काम सगळ्यात आधी करायचं. व्हिडिओ उडवायला लावायच्या आधी त्या पानाचं नाव, लिंक, तारीख, कमेंट दिसतील असे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे. आपल्याकडं उलटं होतं. आधी धाक दाखवून व्हिडिओ उडवतात आणि मग ठाण्यात गेलं की दाखवायला काहीच नसतं. तो व्हिडिओ "पाहा, काय चाललंय" म्हणून पुढच्या ग्रुपवर टाकायचा नाही, हेही आलं. राग येऊन पुढं पाठवणाऱ्यांनीच तो जास्त पसरवला, असं त्या गावात झालं.

तिथं आता एक सोय झाली आहे. सैन्यातून निवृत्त होऊन आलेले एक जण सकाळी शाळेच्या मैदानावर पोरींची तयारी घेतात. स्टॉपवॉच त्यांचं स्वतःचं आहे, चुन्याच्या रेषा शाळेतल्या शिक्षकांनी मारून दिल्या. बचत गटाच्या दोन बाया आळीपाळीनं मैदानावर बसतात. सध्या सात पोरी येतात. ज्या पोरीचा व्हिडिओ निघाला ती अजून येत नाही, तिच्या आईनं दोनदा चौकशी केली आहे. पहाटे अंधार असतो म्हणून ग्रामपंचायतीनं मैदानावर दिवा लावायचं कबूल केलं, खांब अजून आलेला नाही.